वाचकांचे प्रश्न : धावणाऱ्यांची सोबत आणि बिअरचा पेला

प्रश्न : आमच्या गावात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. भरती झाली की ती पांगतात, आणि ज्यांची निवड होत नाही ती धावणेच सोडून देतात. माझा मावसभाऊ सिंगापूरला नोकरीला आहे. तिथे दर आठवड्याला नोकरदार मंडळी पिठाच्या खुणा शोधत रानातून धावतात आणि मग एकत्र बसून बिअर पितात, असे तो सांगतो. त्यांची मैत्री म्हणे वर्षानुवर्षे टिकते. व्यायाम आणि दारू यांचा मेळ कसा बसतो? आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात आम्हाला असे काही सुरू करता येईल का?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : तुमच्या मावसभावाने केलेल्या वर्णनावरून तो क्लब ‘हॅश हाउस हॅरियर्स’ या परिवारातला दिसतो. या परिवाराची सुरुवात १९३८ साली क्वालालंपूरमध्ये झाली. मलाया तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि ए. एस. गिस्पर्ट नावाच्या एका हिशेबनिसाने आपल्या नोकरदार मित्रांना दर आठवड्याला धावण्यासाठी गोळा केले. सेलांगोर क्लबाच्या ज्या इमारतीत ही मंडळी जेवत, तिला तिथल्या बेचव जेवणावरून ‘हॅश हाउस’ म्हणत. तेच नाव पुढे क्लबाला चिकटले. गिस्पर्ट फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, मागे राहिलेल्या सोबत्यांनी धावणे पुन्हा सुरू केले. मित्र गेला तरी त्याने लावलेली रीत मोडू द्यायची नाही, हा त्यांचा निर्धार मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे बदलीनिमित्त देशोदेशी गेलेल्या सभासदांनी तिथेतिथे आपापले क्लब काढले, १९७८ साली हाँगकाँगला त्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले आणि २००२ साली ते आपल्या शेजारी गोव्यातही झाले.

आता ही मैत्री टिकते कशी, ते पाहू. एकदोघे जण ‘ससे’ होऊन आधी निघतात आणि वाटेवर पिठाचे किंवा खडूचे ठिपके टाकत जातात. बाकीचे त्या खुणांवरून माग काढतात. ठरावीक ठिकाणी एक वर्तुळ काढलेले असते आणि तिथून माग तुटतो. मग सर्वांत वेगवान गडी चारी दिशांना पळून खरी वाट शोधतात, एखादा खोट्या वाटेवर बराच पुढे जाऊन परत येतो, आणि तेवढ्या वेळात मागून चालत येणारे साठीचे गृहस्थ आरामात त्यांना गाठतात. कुणाला खरी खूण सापडली की तो ‘ऑन ऑन’ अशी हाळी देतो आणि सगळा जथा पुन्हा एकत्र निघतो. वेगवान माणसाने जास्त धावायचे आणि हळू माणसाने कमी, पण पोहोचायचे मात्र जवळपास एकाच वेळी, अशी ही मांडणी आहे. तिथे पहिला नंबर कुणाचाच नसतो. तुमच्या मुलांना भरतीत मुलांचे १६०० मीटर आणि मुलींचे ८०० मीटर घड्याळावर धावायचे असतात, त्यामुळे शेजारी धावणारा मित्र हा प्रतिस्पर्धीही असतो. निवड न झालेल्याला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर पाय ठेवावासा वाटत नाही, ते यामुळेच, असे मला वाटते.

बिअर येते ती शेवटी. सगळे गोल करून उभे राहतात. खोट्या वाटेने इतरांना नेणारा, नवे कोरे बूट घालून मिरवणारा, पहिल्यांदाच आलेला पाहुणा, अशांना मध्ये बोलावून गाणे म्हणत पेला रिकामा करायला लावतात, टोपणनावे ठेवतात. तिथे साहेब आणि कारकून हा फरक उरत नाही. मात्र आरोग्याचे म्हणाल तर बिअरने धावण्याची भरपाई होत नाही. घामाने शरीरातले पाणी आणि मीठ आधीच गेलेले असते आणि मद्याने लघवी वाढून पाणी आणखी कमी होते. पिऊन गाडी चालवण्याचा धोका वेगळाच. अनेक क्लबांत न पिणाऱ्यांना पाणी किंवा सरबत दिले जाते आणि त्यांचे स्थान तसूभरही कमी होत नाही.

तेव्हा बिअर वगळून हे सारे तुमच्याकडे होऊ शकते. वर्धा जिल्ह्यात ती कायद्यानेच बंद आहे, आणि दारूपायी उजाडलेली घरे ज्या गावांनी पाहिली, त्या गावांत मुलांच्या खेळाला तिची सोबत नको, असे माझे स्पष्ट मत आहे. दारूशिवायही धावणाऱ्यांचा गोतावळा जमतो. लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ जणांनी सुरू केलेली ‘पार्करन’ ही शनिवार सकाळची मोफत ५ किलोमीटरची धाव आज अनेक देशांत चालते. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे चालतो, म्हणजे शेवटी येण्याची लाज कुणाला वाटू नये.

रविवारी सकाळी पांदण रस्त्याने, धुऱ्याधुऱ्याने, नाल्याच्या काठाने वाट आखा. पीठ अन्न आहे, ते मातीत टाकणे आपल्याकडे कुणालाच रुचणार नाही; रांगोळी वापरा. चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो, म्हणून तो नको. पेरलेल्या वावरात किंवा वेचणीला आलेल्या पऱ्हाटीत कुणी शिरू नये, आणि ज्यांच्या शेताजवळून जायचे त्यांना आदल्या दिवशी विचारावे. हे विचारणे केवळ शिष्टाचारापुरते नाही : रानडुकरांसाठी काही ठिकाणी रात्री तारेत वीज सोडतात, ती वाट कटाक्षाने टाळा आणि उजाडल्याशिवाय निघू नका. शेवटी पारावर गोल करून बसा, मठ्ठा किंवा उन्हाळ्यात पन्हे ठेवा, आणि चुकलेल्याला मध्ये उभे करून दोन पेले प्यायला लावा. भरतीत न निवडलेल्या मुलालाच पहिल्या रविवारी ससा करा. वाट आखणाऱ्याच्या मागे सारे गाव धावते, हा मान त्याला मिळू द्या.

प्रश्न : अशा क्लबांत बायका असतात का? आमच्याकडे मुलींना शेतातून धावू देतील का, याची शंका आहे.
— एक वाचक, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : क्वालालंपूरचा मूळ क्लब पुरुषांचाच होता, पुढे केवळ स्त्रियांचे आणि स्त्री-पुरुष दोघांचे क्लब अनेक शहरांत निघाले. तुमच्याकडे आयांना पहिल्याच दिवशी सोबत बोलवा. त्यांनी धावण्याची गरज नाही, खुणा पाहत मागून चालत यावे. मुलींनी जोडीने धावावे, वाट गावाजवळची आणि मोकळी ठेवावी. तुमच्या भागात वाघाचा वावर असतो, म्हणून जंगलालगतची वाट धरू नका. कुठे पगमार्क दिसले किंवा गुरे मारल्याची बातमी असेल तर त्या रविवारी शाळेच्या मैदानातच खुणा टाका. निघताना हजेरी घ्या आणि परतल्यावर तीच यादी पुन्हा वाचा.