लॉराला कुणी काही सांगितलंच नाही

आईंनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि समुपदेशन कक्षातल्या माझ्या टेबलावर पालथं ठेवलं. "मॅडम, सुट्टीला घरी आलीय, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच. आमच्या गावाकडे दिवेलागणीनंतर हडळीचं नाव काढत नाहीत, आणि ही रक्त पिणाऱ्यांच्या प्रेमकथा वाचते. असलं वाचून हिला प्रेम म्हणजे हेच वाटायला लागलं तर?"

लेक शेजारी ओढणीचं टोक पिळत बसली होती. वय 19, दुसऱ्या गावात वसतिगृहात राहून शिकणारी. तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून हे लिहिते आहे, कारण आईंनी विचारलं तेच बरेच पालक विचारतात.

ही भीती पोकळ नाही. 2005 साली आलेल्या 'ट्वायलाइट' या कादंबरीतला रक्तपिपासू एडवर्ड त्याच्या आवडत्या मुलीच्या, बेलाच्या, खोलीत तिच्या नकळत येतो आणि ती झोपलेली असताना तिला बघत बसतो. पुढच्या एका भागात तिनं मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिची गाडी बंद पाडून ठेवतो. कथेत ही काळजी म्हणून येते. खऱ्या आयुष्यात असं वागणाऱ्या मुलाची तक्रार मी ऐकते तेव्हा मला ते प्रेम वाटत नाही, धोका वाटतो. तरी पुस्तक हिसकावून घ्या असं मी पालकांना कधी सांगत नाही. "त्यानं गाडी बंद पाडली तेव्हा तुला तिच्या जागी कसं वाटलं असतं?" एवढं विचारून पाहा. बहुतेक मुलींना ते आधीच खटकलेलं असतं, फक्त घरात कुणी विचारलेलं नसतं.

पण या मुलीचं पुस्तक वेगळं होतं. मी ते सुलटं केलं. 'कार्मिला'.

आईंना बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर तिनं स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, "मॅडम, कार्मिलाचं लॉरावर खरंच प्रेम असतं, की लॉरा नुसतं तिचं भक्ष्य असते?"

मी ते वाचलेलं नव्हतं आणि तसं सांगितलं. आठवड्याची मुदत मागून घेतली आणि वाचलं. समुपदेशकानं एवढे कष्ट घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. माणूस ज्या गोष्टीच्या आडून बोलत असतो ती गोष्टच आपल्याला ठाऊक नसेल, तर त्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोचत नाही.

आयरिश लेखक शेरिडन ल फानूची ही कथा पुस्तकात आली 1872 साली, म्हणजे 'ड्रॅक्युला' या गाजलेल्या रक्तपिपासूच्या कादंबरीच्या पंचवीस वर्षं आधी. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात एका एकाकी गढीत लॉरा वडिलांबरोबर राहते. आई नाही, बरोबरीची मैत्रीण घरात नाही. वय 19. गढीपाशी घोडागाडीला अपघात होतो आणि गाडीतली देखणी मुलगी काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे राहते. ती लॉराला कवटाळते, "तू माझी आहेस" म्हणते, पण स्वतःबद्दल फक्त तीन गोष्टी सांगते: नाव कार्मिला, घराणं जुनं आणि खानदानी, घर पश्चिमेकडे. लॉराला तिची ओढ वाटते आणि किळसही, दोन्ही एकाच वेळी. हा मुलीच्या वेशात आलेला कुणी प्रियकर तर नव्हे, असंही तिच्या मनात येऊन जातं. आपल्यात जे आहे त्याला म्हणायचं काय, हेच तिला कळत नाही. आणि इकडे लॉरा दिवसेंदिवस खंगत जाते, कारण कार्मिला रात्री तिचं रक्त पीत असते.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, "मला वाटतं प्रेमही असेल आणि भक्ष्यही. कार्मिलाच्या मनात काय आहे ते लॉराला कळायला मार्ग नाही, आपल्यालाही नाही. पण लॉराचं काय होतंय ते पानापानावर दिसतं. तिचं काय काय कमी होत गेलं, ते आपण दोघी शोधू या?"

पेन्सिल घेऊन आम्ही अर्धा तास तेच केलं. लॉरा फिकट पडते. तिला मरणाचे पुसट विचार यायला लागतात आणि ते तिला नकोसेही वाटत नाहीत. मग एक जागा आली आणि मुलगी वाचता वाचता थांबली. आपण आजारी आहोत हे लॉरा मान्य करत नाही, वडिलांना सांगत नाही, डॉक्टरला बोलावू देत नाही.

"मीपण घरी सांगितलं नाही," ती म्हणाली.

मग सगळं आलं. वसतिगृहात खोलीत सोबत राहणारी मुलगी. "मैत्रीण म्हटलं तर रुसते. त्याच्यापुढचं काही म्हटलं तर हसते, म्हणते, वेडी आहेस का. पण मी दुसऱ्या कुणाबरोबर मेसला गेले तर दोन दिवस बोलत नाही. माझा फोन तिच्याकडेच असतो." हिनं मेसला जाणंच सोडलं होतं. पाच किलो वजन उतरलं होतं, आणि घरी कारण सांगितलं होतं परीक्षेचं.

मरणाचे विचार तुलाही येतात का, हे मी सरळ विचारलं. असं विचारल्यानं ते विचार डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. नाही म्हणाली. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक तिच्या फोनमध्ये घालून दिला. वसतिगृहात रात्री एक वाजता जीव घाबरला तर तिथं मी नसते.

"आमचं नेमकं काय आहे, मॅडम?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिला दुसरे प्रश्न दिले. तू नाही म्हणू शकतेस का? नाही म्हटल्यावर काय होतं? तिच्याबद्दल तुला कुणाशी बोलता येतं का? तिच्यासोबत असताना तुला भूक लागते का? शेवटच्या प्रश्नाला ती रडली.

आईंची खरी भीती तिसऱ्या भेटीत बाहेर पडली. दार लावून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "त्या पुस्तकात दोघी मुलीच आहेत ना? आमची ही... तशी तर नाही ना?"

मी सांगितलं की मुलीला मुलगी आवडणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि सप्टेंबर 2018 पासून सज्ञान व्यक्तींचं परस्परसंमतीचं नातं आपल्याकडे गुन्हाही नाही. तुमची लेक कोण आहे हे तीच सांगेल, तिच्या वेळेनं. ते बदलायला कुणी औषध देतो म्हणालं तर त्या दारात पाऊल ठेवू नका. आणि मग त्यांना कथेतला तो भाग सांगितला जो मला वाचताना सर्वांत जास्त लागला. डॉक्टर लॉराला तपासतो, त्याला संशय येतो आणि तो वडिलांना बाजूला घेऊन बोलतो. ती विचारते, तर वडील टाळतात. दोन दिवसांत कळेल, आता डोकं खाऊ नकोस. जिच्या जिवावर बेतलंय, तिलाच कुणी काही सांगत नाही. मोठ्यांनी ते मायेपोटीच केलं, पण तेवढ्या वेळात ती एकटी पडली.

आई बराच वेळ गप्प होत्या.

मुलीनं त्यांना स्वतः सांगितलं, माझ्यासमोर. मी आईंना फक्त मध्ये बोलू नका म्हटलं होतं. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ती तुला जेवू का देत नाही?" नात्याचं नाव त्यांनी विचारलं नाही. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं.

कॉलेजच्या पुढच्या सत्रात मुलीनं खोली बदलून घेतली. सोपं गेलं नाही. दोनदा अर्ज मागे घ्यायला निघाली होती. अजूनही आठवण येते म्हणते. एकदा पुस्तक उघडून तिनं मला शेवट दाखवला. कार्मिला संपल्यावरही, कितीतरी दिवसांनी, दिवाणखान्याच्या दाराशी तिचं हलकं पाऊल वाजलंसं लॉराला वाटतं. "म्हणजे प्रेम होतं ना, मॅडम?"

"लॉराचं होतं," मी म्हटलं. "त्यात खोटं काही नव्हतं."

मध्यंतरी आईंचा फोन आला. मेथी निवडता निवडता लेकीनं त्यांना सगळी गोष्ट सांगितली होती. "मला राग आला तो त्या बापाचा," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी गढी, एवढी माणसं, आणि त्या पोरीजवळ रात्री झोपायला कुणी नव्हतं का हो?"