व्ह्यूज नक्की कोणाला हवेत?

प्रश्न : मुलगी अकरावी कॉमर्सला, वय १६, दहावीला ७८ टक्के. यूट्यूबवर मोडी लिपी शिकवते, माझ्या वडिलांनी तिला शिकवली. दीड वर्षात ४३ व्हिडिओ, सबस्क्रायबर ६१२, एका भागाला तीनशे-साडेतीनशे व्ह्यूज. मी एक डान्सचा शॉर्ट टाकायला लावला तर तो ४८ हजार गेला, तरी ही परत मोडीवरच. एका क्लासवाल्यांकडून १८ हजारांचं चॅनल रँकिंग पॅकेज पण घेतलं, फरक शून्य. तिला ट्रॅक बदलायला कसं समजवावं? आणि कॉलेज बाहेरून करून फुल टाइम हेच करावं का? – एक पालक, सातारा

उत्तर : नमस्कार. मार्कांची काळजी सोडा, ७८ टक्के उत्तम आहेत. मला खटकलं ते तुमच्या पत्रातलं मधलं एक वाक्य, जे वर घेतलं नाहीये : 'रोज सकाळी चहाला बसलो की कालचे व्ह्यूज मी तिला वाचून दाखवतो, म्हणजे ती सिरीयस राहील.' अहो, काय चाललंय हे? पूर्वी शेजारच्या पोराचे मार्क वाचून दाखवायचे, ते निदान वर्षातून दोनदा तरी असायचं, तुमच्याकडे तर रोजच निकाल लागतोय आणि रोजच ती नापास.

तुम्ही लिंक दिलीत म्हणून चॅनल नीट बघितलं. त्या डान्सच्या शॉर्टखाली कमेंट बंद आहेत. का बंद केल्या, हे तिला विचारलंत का कधी? नसेल तर ४८ हजारांचं कौतुक बाजूला ठेवून आधी ते विचारा, आणि ती काय सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. शिवाय त्यानंतर आलेल्या मोडीच्या भागाला व्ह्यूज किती? ३१०. म्हणजे आलेली गर्दी नाच बघून पुढे गेली, थांबलं कोणीच नाही. एसटी स्टँडवर गर्दी असते म्हणून तिथे कोणी ज्ञानेश्वरीचं पारायण लावत नाही.

आता ते पॅकेज. भरपूर टॅग, म्हणजे व्हिडिओसोबत भरायचे शोधशब्द, टाकले की व्हिडिओ वर येतो, हा समज किती जणांच्या डोक्यात घट्ट बसलाय, आणि त्याच्यावर लोकांची दुकानं चाललीत. यूट्यूबच्याच मदतीच्या पानावर लिहिलंय की व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा अगदी कमी असतो, शब्दाचं स्पेलिंग लोक चुकवतात तिथे काय तो उपयोग. तुमच्या क्लासवाल्यांनी मोडीच्या भागाखाली 'व्हायरल डान्स' आणि 'शिवाजी महाराज स्टेटस' भरून ठेवलंय, असे दिशाभूल करणारे टॅग नियमातच बसत नाहीत, आजच काढा. 'तू माझं सबस्क्राईब कर मी तुझं करतो' वाले ग्रुपही तसलेच, ती माणसं एकही भाग बघत नाहीत. खरं गणित साधं आहे : थंबनेल समोर आलं तर किती जण दाबतात, आणि दाबल्यावर किती वेळ थांबतात. यूट्यूब म्हणतं निम्म्या चॅनलचा क्लिकचा आकडा २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो, तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तुमचा साडेचार दिसतोय, म्हणजे त्यात रडण्यासारखं काही नाही.

रडण्यासारखं पुढे आहे. त्याच स्क्रीनशॉटमधला रिटेन्शनचा ग्राफ बघा, म्हणजे किती जण कुठपर्यंत टिकले तो, पहिल्या ३८ सेकंदांत निम्मे लोक पळालेत. त्या ३८ सेकंदांत आहे काय? तुतारी, गोल फिरणारा सोनेरी लोगो आणि 'निर्माता' म्हणून तुमचं नाव. मग एकदाची पोरगी दिसते, म्हणजे तिचा हात दिसतो, ती बोरूने आधी आडवी ओळ पूर्ण ओढते आणि मग एकेक अक्षर त्या ओळीला टांगत जाते, मध्येच शाई जास्त येते, 'अरे सांडली' म्हणते आणि तशीच पुढे लिहिते. तिथे ग्राफ वर उसळलाय! लोक मागे जाऊन वळण परत बघतायत. यूट्यूब स्टुडिओतल्या एडिटरमध्ये जाऊन सुरुवात कापता येते, लिंक आणि व्ह्यूज तेच राहतात. तुमचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये शेवटी टाका, चालेल.

आणि शीर्षकं. 'मोडी शिका भाग ३१' असं कोण शोधणार? २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी वाचणारा माणूस जिल्ह्याजिल्ह्यात शोधत होते, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर घेऊन लोक बसलेत आणि वाचता येत नाही. तिचा भाग ३१ नेमका त्यावरच आहे, पण नावात त्याचा पत्ताच नाही! 'जुन्या जन्मनोंदीतली मोडी कशी वाचायची' एवढं लिहिलं तरी ज्याला गरज आहे तो येईल, आणि असा माणूस पहिल्या मिनिटात पळत नाही.

पैशांचं म्हणाल तर लांब व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत लोकांनी बघितलेले ४००० तास लागतात, १८ पूर्ण होईपर्यंत पैसे जमा होण्याचं खातं तुमच्या नावाचं जोडावं लागेल, तेव्हा कॉलेज बाहेरून वगैरे विषय बंद. बारावीनंतर मास मीडिया, पुढे पत्रकारितेसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, नाहीतर इतिहासातून बीए, वाटा सगळ्यांना माहीत आहेत. मला विचाराल तर मोडीचा अभ्यास तिने नीट करावा, सरकारच्या पुराभिलेखवाल्यांचे, म्हणजे जुने दस्त सांभाळणाऱ्या खात्याचे, प्रशिक्षण वर्ग असतात, भारत इतिहास संशोधक मंडळाचेही होतात, चौकशी करा. व्हिडिओ चालो न चालो, दस्त वाचता येणारी माणसं फार थोडी उरलीत.

आणि स्पष्टच सांगते, तुम्हाला या सगळ्याची खरंच हौस आहे, तुमच्या पत्रात तिच्याबद्दल दहा ओळी आणि चॅनलबद्दल तीन पानं आहेत. मग स्वतःचं चॅनल काढा की! तुतारी तिकडे वाजवा. तिच्या चॅनलचा पासवर्ड तिच्याकडे राहू द्या, आणि सकाळचा चहा नुसता चहाच असू द्या.

पत्राच्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी मोडीत आहेत, त्या तुम्ही बघितल्या नसाव्यात. मला मोडी येत नाही, ओळखीच्या एका सरांकडून वाचून घेतल्या. काय लिहिलंय ते इथे छापत नाही. बाळा, उत्तर तुझ्या नावाने वेगळं पाठवलंय, देवनागरीत आहे, सांभाळून घे.