बाराला सूर्य डोक्यावर? काठी रोवून बघा

आकाशनिरीक्षणाच्या सुरुवातीला दुर्बीण नको, काठी पुरे. सपाट अंगणात ५० सेंमी काठी रोवून ओळंब्याने तपासा. कलली की सगळी मापं चुकली. १२ ते १.१५ दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सावली सर्वांत आखूड तेव्हा सूर्य सर्वांत वर; मुंबईत ही वेळ १२.२० ते १२.५५ दरम्यान सापडेल. आपलं घड्याळ (भारतीय प्रमाणवेळ) ८२.५° रेखांशाचं, मुंबई त्याच्या पश्चिमेला ७३° च्या आसपास, आणि दर अंशाला सूर्य ४ मिनिटं उशिरा!

नवखे इथे चुकतात:
- टोक धूसर म्हणून अंदाजे खूण. काठीच्या टोकावर भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवा, उजेडाचा ठिपका धरा.
- पुस्तकातल्या उत्तराकडे खुणा ओढणं. हे सर्वांत वाईट. दिसलं तेच, वेळेसकट, लगेच लिहा.

सूर्याकडे थेट बघू नका. आखूड सावलीची वेळ फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरमध्ये सारखी नसते; हा अर्ध्या तासाचा फरक वर्षभराच्या नोंदी झाल्यावर बघू.