वीस नव्हे, चार पुस्तके. पण हातातल्या कामाशी ताडून

आपल्यावर नुकतीच एका गटाची जबाबदारी आली आहे आणि व्यवस्थापन, वाटाघाटी व निर्णयप्रक्रिया यांवरील वीस पुस्तकांची यादी आपण मागितली आहे. मी चारच सुचवतो, कारण ही पुस्तके हातातल्या कामाशी ताडून पाहिली तरच अंगी लागतात.

पहिले पीटर ड्रकर यांचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ (१९६७). आपला वेळ प्रत्यक्षात कुठे जातो याची नोंद ठेवण्यास ते सांगतात. ती ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वाटाघाटींसाठी रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचे ‘गेटिंग टू येस’ (१९८१) घ्यावे. त्यात ग्रंथालयातला एक प्रसंग आहे: एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद, आणि ती किती उघडावी यावर दोघांची घासाघीस चाललेली. ग्रंथपाल कारण विचारते, तेव्हा एकाला ताजी हवा हवी आहे आणि दुसऱ्याला वाऱ्याचा झोत नको आहे, एवढेच निघते. ती शेजारच्या खोलीतली खिडकी उघडते. बोलणी फिसकटली तर आपल्या हाती काय उरते, हे आधी ठरवून ठेवावे, हाही त्यांचा आग्रह आहे. मी एकदा ते न ठरवता पुरवठादारासमोर बसलो आणि त्याने सांगितलेली मुदत मुकाट्याने मान्य करून उठलो, कारण दुसरा पुरवठादार मी पाहिलाच नव्हता.

निर्णयांसाठी मात्र दोन पुस्तके जोडीनेच वाचावीत. डॅनियल कानमन यांचे ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ (२०११) मनाच्या पहिल्या कौलावर विसंबू नका असे बजावते, तर गॅरी क्लाइन यांच्या ‘सोर्सेस ऑफ पॉवर’मध्ये (१९९८) एक अग्निशमन अधिकारी, काहीतरी चुकते आहे एवढ्याच जाणिवेवर, आपल्या माणसांना घराबाहेर काढतो आणि पाठोपाठ जमीन खचते, आग तळघरात होती. कानमन आणि क्लाइन या दोघांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहून मान्य केले की परिस्थितीत नियमितता असेल आणि चूक-बरोबर कळून शिकायला पुरेशी संधी मिळाली असेल, तरच अंतःप्रेरणा भरवशाची ठरते. म्हणून माणसे निवडताना, जिथे निवड चुकल्याचे कळायला वर्ष लागते, मी कानमन यांचे ऐकतो. रोजच्या ओळखीच्या अडचणीत अनुभवी सहकाऱ्याची शंका मनावर घेतो.

कानमन यांच्या पुस्तकातील ‘प्रायमिंग’विषयीचे, म्हणजे आधी नजरेस पडलेल्या शब्दाचा वा गोष्टीचा पुढच्या वागण्यावर नकळत होणाऱ्या परिणामाविषयीचे, प्रकरण मात्र गाळावे. त्यातील अनेक प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत, आणि अशा अपुऱ्या अभ्यासांवर आपण जास्त विश्वास टाकल्याचे त्यांनी स्वतः २०१७ मध्ये मान्य केले.