सोलापूर जिल्ह्यात स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीतला उमेदवारी अर्ज मागे घ्यायला धमकावलं आणि पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत, तर पुढे काय?

सरळ मानवाधिकार आयोगाकडे जायची घाई नको. तो आयोग सरकारी नोकराने केलेलं उल्लंघन किंवा ते रोखण्यातला त्याचा हलगर्जीपणा बघतो. गावगुंडाने धमकावलं हा आधी फौजदारी गुन्हा. पोलिसांनी हाकलून लावलं की मग आयोगाचा विषय होतो, तोही घटनेपासून 1 वर्षाच्या आत.

आता तुमचं. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोस्टाने पाठवा: सोलापूर शहरात असाल तर पोलीस आयुक्त, मोहोळ-बार्शीकडे असाल तर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. पोचपावती जपून ठेवा. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. ही वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्येच आहे. एक प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला द्या, कारण ही निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची असते. दिल्लीच्या भारत निवडणूक आयोगाला पत्र पाठवून दिवस घालवू नका.

तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल आणि धमकावणारा तसा नसेल, तर अर्ज मागे घ्यायला भाग पाडणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात वेगळा गुन्हा आहे. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

आमच्याकडे एकाच्या दारात रात्री 4 मोटारसायकली नुसत्या रेस करत उभ्या राहायच्या. शिवी नाही, हात नाही. त्याने तारीख, वेळ, गाडीनंबर वहीत लिहून ठेवले, म्हणून तक्रारीत काहीतरी दम आला. "गावातलं गावात मिटवू" म्हणणारे त्याच रात्री घरी येतील, त्यांचीही नोंद ठेवा.