गणितात चित्रावर आणि अंतःप्रेरणेवर किती भरवसा ठेवावा?

वाट सापडण्यापुरता खुशाल ठेवा, सिद्धतेच्या जागी मात्र नको. १ + ३ + ५ + ७ = १६ हे ठिपके मांडून पाहा. एका ठिपक्याला काटकोनात ३ ठिपके लावले की २ × २ चा चौरस होतो, त्याला आणखी ५ लावले की ३ × ३ चा. दर वेळी पुढची विषम संख्याच नेमकी का पुरते, ते डोळ्यांना दिसतं. नुसतं सूत्र घोकून ते कळत नाही.

आता वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना रेषांनी जोडा आणि आत जास्तीत जास्त किती भाग पडतात ते मोजा. २ बिंदूंना २, मग ४, ८, १६. सहा बिंदूंना ३२ येणार, असं मन छातीठोकपणे सांगतं. येतात ३१! गंमत म्हणजे ही फसगतही नीट चित्र काढून मोजलं की लगेच उघडी पडते.