विंडोज ११ मध्ये राइट-क्लिकचा जुना मेन्यू कसा आणायचा?

शिफ्ट दाबून धरा आणि फाइलवर राइट-क्लिक करा, जुना लांबलचक मेन्यू थेट उघडतो. नव्या मेन्यूच्या तळाशी असलेल्या 'शो मोअर ऑप्शन्स'चा जादा क्लिक वाचतो. फाइल आधीच निवडलेली असेल तर शिफ्ट + एफ१० नेही तेच होतं.

जुना मेन्यू काढला नाहीये, मागे ढकललाय. वर्षानुवर्षं प्रत्येक सॉफ्टवेअर त्यात आपली एक ओळ घुसवत गेलं आणि त्याची पार मारुतीची शेपटी झाली, म्हणून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने आखूड मेन्यू आणला. ज्या सॉफ्टवेअरने नवी पद्धत स्वीकारली नाही, त्याची ओळ मागच्या मेन्यूतच राहिली. हेतू ठीक, पण कट, कॉपी, रीनेम यांची नुसती चित्रं करून वर ठेवणं हा शुद्ध आगाऊपणा होता. शेवटी विंडोज ११ च्या २४एच२ (२०२४ च्या) आवृत्तीत त्या चित्रांखाली नावं आली. तोवर रीनेमसाठी एफ२ बरं, आताही तेच जलद.

मात्र शिफ्ट दर वेळी दाबावं लागतं. कायमचा बदल हवा तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालावा लागतो. आधी बॅकअप घ्या, आणि ऑफिसच्या मशीनवर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय नको.